साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या आणि बाकीचे डाग

माझ्या लेकीचे लग्न 2025 च्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला झाले आणि त्यासाठीची दागिन्यांची खरेदी आदल्या दिवाळीपासून सुरू होऊन लग्नाच्या आधी पंधरा दिवस संपली. मी कुडाळ तालुक्यातल्या एका पतसंस्थेत एकोणीस वर्षे सोनेतारणाच्या खिडकीवर काम करते. त्यामुळे ‘दागिन्यांचे तू बघ, तुला त्यातले कळते’ असे म्हणून घरातल्या सगळ्यांनी हे काम माझ्या अंगावर टाकले, आणि मलाही ते खरे वाटले. पुढच्या सहा महिन्यांत लक्षात आले की खिडकीच्या आत बसणाऱ्या बाईला दागिना वजनाने आणि कसाने ओळखता येतो, तो गळ्यात कसा दिसतो याची तिला फारशी कल्पना नसते.

तरीही या खिडकीने मला जे शिकवले ते उपयोगी पडले, म्हणून ते आधी सांगते. कर्जासाठी आलेल्या दागिन्याचे आम्ही दोनदा वजन लिहितो, एक ढोबळ आणि एक निव्वळ. खडे, मोती, मीनाकारी, आतली लाख, गळ्यामागचा दोरा आणि त्याचा गोंडा हे सगळे वजा करून जे उरते तेच सोने आणि कर्जही तेवढ्यावरच. पूर्वीच्या काही पाटल्या आणि तोडे वरून सोन्याचा पत्रा आणि आत लाख असे असायचे. ते हातात घेतल्यावर भरदार लागतात, पण निव्वळ वजन काढल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. गरजेच्या वेळी कोणते डाग, म्हणजे दागिने, बाहेर येतात तेही एकोणीस वर्षांत पाहिले आहे. पाटल्या, बांगड्या, सोनसाखळी आणि अगदी नाइलाज झाला तर मंगळसूत्र. खड्यांचा मोठा हार तारण म्हणून फार थोडा येतो आणि आला तर त्याचे मूल्य ऐकून परत जातो. या अनुभवातून माझे मत असे बनले होते की मोजकेच, भरीव आणि बिनखड्याचे घ्यावे.

लेकीचे मत अर्थातच निराळे होते. तिने फोनमध्ये एका नवरीचे छायाचित्र जपून ठेवले होते. त्या नवरीच्या अंगावर मी मोजले तेव्हा ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, लक्ष्मीहार, मोहनमाळ, नथ, कुड्या, बुगडी, वाकी, बाजूबंद, तोडे, पाटल्या आणि कमरपट्टा असे तेरा प्रकार भरले. मी म्हटले, ‘‘एवढे घालून मे महिन्यात मांडवात बसलीस तर घामानेच अर्धी होशील.’’ तिने शांतपणे उत्तर दिले, ‘‘आई, तू दागिना बघतेस तेव्हा तो मोडून किती येईल एवढेच बघतेस.’’ हे मला लागले, कारण ते खोटे नव्हते.

त्या रात्री आम्ही एक वही घेतली आणि प्रत्येक दागिन्यापुढे एकच प्रश्न लिहिला, लग्नानंतर हा पहिल्यांदा कधी घातला जाईल? ठुशीपुढे तिने लगेच ‘गौरीगणपती’ लिहिले. लहान मंगळसूत्र रोजचे होते. मोत्यांच्या कुड्या मैत्रिणीच्या लग्नाला लागणार होत्या. कमरपट्ट्यापुढे मात्र पेन बराच वेळ थांबले. ज्यांच्यापुढे काही लिहिता आले नाही ते दागिने सोन्यात घ्यायचे नाहीत एवढे त्या रात्री ठरले आणि माझ्या मते सगळ्या खरेदीतला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. कमरपट्टा, बाजूबंद आणि लांब लक्ष्मीहार एक ग्रॅमवाल्यांकडून, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले दागिने विकणाऱ्यांकडून, घ्यायचे ठरले. काही जण हे दागिने भाड्याने आणतात. आम्ही ते विकत घेतले, कारण धाकट्या पुतणीचे लग्नही फार दूर नाही.

पैशांचे गणित भावाने रोज बिघडवले. 2024 च्या जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले तेव्हा भाव पडला होता आणि मी ‘अजून थोडा उतरेल’ म्हणून थांबले, ही माझी पहिली चूक. दिवाळीच्या पाडव्याला चोख, म्हणजे 24 कॅरेटच्या, सोन्याचा भाव दहा ग्रॅमला 80 हजारांच्या आसपास गेलेला होता. त्या दिवशी मी वीस ग्रॅमची वेढणी, म्हणजे चोख सोन्याची साधी वळी, घेतली. गुढीपाडव्याला तोच भाव 90 हजारांच्या घरात होता आणि एप्रिलमध्ये तो एक लाखाला टेकला. आमचे उत्पन्न आंब्याचे. कलमांचा पैसा हातात यायला मे उजाडतो, म्हणजे लग्नाच्या अगदी तोंडावर. तेवढे थांबणे शक्य नव्हते, म्हणून मुदत ठेव मोडली. एका सराफाच्या दुकानात ‘अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा’ अशी योजना सांगितली गेली. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला कोणतेही तारण न घेता आपला पैसा अकरा महिने दुसऱ्याच्या हाती ठेवायला सांगणे म्हणजे कोळणीला शिळा बांगडा ताजा म्हणून विकण्यासारखे आहे. मी तिथून उठले.

आता पाटल्यांविषयी सविस्तर लिहिते, कारण सगळ्या दागिन्यांत जास्त बोलणे त्यांच्याविषयीच झाले. माझ्या सासूबाईंचे लग्न 1964 साली झाले. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी 1963 मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले होते आणि 14 कॅरेटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना घडवण्यावर बंदी होती. गावोगावचे सोनार त्या काळात रिकामे बसले होते, काहींनी धंदाच सोडला. चौदा कॅरेटचे सोने सासूबाईंच्या वडिलांना मुलीच्या हातात घालणे पसंत नव्हते. म्हणून त्यांनी बायकोच्या हातातल्या पाटल्या उतरवून मुलीच्या हातात भरल्या. म्हणजे त्या पाटल्या सासूबाईंच्याही आधीच्या पिढीच्या. पाटलीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी बारीक वेलाची नक्षी आहे आणि जिथे पाटली हातावर घासते तिथे ती नक्षी इतकी झिजली आहे की बोटाने चाचपल्यावरच कळते. घरात त्या ‘साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या’ म्हणूनच ओळखल्या जातात. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, म्हणजे साडेतीन तोळ्यांचे 40.8 ग्रॅम व्हायला हवेत. मी आमच्या काट्यावर ठेवल्या तेव्हा 40.150 भरले. बाकीचे सहाशे-सातशे मिलिग्रॅम दोन बायकांच्या हातांवर, भांड्यांवर आणि विहिरीच्या दोरावर झिजून गेले असणार.

अडचण मापाची होती. सासूबाईंचा हात रुंद, पाटल्या दोन-आठच्या. लेकीला दोन-चारची बांगडी बसते. पाटली तिच्या हातात घातली की कोपरापर्यंत जाते आणि हात खाली सोडला की जमिनीवर. दुकानदारांनी सुचवलेला सोपा मार्ग म्हणजे पाटल्या मोडीत देऊन त्याच सोन्यात नव्या दोन-चारच्या घडवायच्या. आमचे जुने सोनार, ज्यांना आम्ही नुसते ‘शेट’ म्हणतो, त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. मधून तुकडा कापून पाटली आवळायची. पण कापलेल्या जागी वेल तुटणार आणि तिथे नवी नक्षी केली तरी ती वेगळी दिसणार. मी निर्णय सासूबाईंवर सोपवला. त्या ओटीवर काजू फोडत बसल्या होत्या. हातातली विळी खाली न ठेवता त्या म्हणाल्या, ‘‘पाटल्यो मोडूक मी देवचंय नाय. नातीन एकदा घालून दाखवल्यान की माझा काम झाला.’’ त्यावर बोलण्यासारखे काही राहिले नाही.

उपाय शेवटी कासारणीकडून आला. लेकीच्या हातात हिरवा चुडा भरायचाच होता. तिने सांगितले की चुड्यातल्या शेवटच्या दोन बांगड्या, म्हणजे मनगटाकडच्या, अगदी घट्ट मापाच्या भरू. मोठ्या पाटल्या त्यांच्या मागे राहतील आणि काचेच्या बांगड्यांना अडून पुढे येणार नाहीत. हे इतके साधे होते की आम्हा कोणाला सुचले नव्हते. पाटल्या जशाच्या तशा राहिल्या. मी फक्त त्या रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशाने धुऊन घेतल्या आणि शेटांकडून कसोटीवर पाहून घेतल्या.

दुकानांची फेरी ही मात्र वेगळीच कथा. पहिल्यांदा आम्ही मोठ्या गावातल्या एका झगझगीत दुकानात गेलो. दुकानाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. लेकीला तिथे लाल-हिरव्या खड्यांची आणि मोत्यांच्या लडीची एक चिंचपेटी फार आवडली. काट्यावर तिचे वजन 24.6 ग्रॅम दाखवले गेले, त्यावर दिवसाचा भाव आणि चौदा टक्के घडणावळ लावून आकडा काढला गेला. मी विचारले, ‘‘यातले निव्वळ सोने किती?’’ समोरच्या तरुणाने सांगितले की खडे हलके असतात, त्यांचे वजन फारसे नसते. मी निव्वळ वजन लिहून द्यायला सांगितले तेव्हा तो आत गेला, बराच वेळाने दुसरे गृहस्थ आले, त्यांनी लेबल उलटून पाहिले आणि खडे-मोत्यांचे वजन 3.1 ग्रॅम असल्याचे कबूल केले. त्या दिवशी बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला 8,240 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे साडेपंचवीस हजार रुपये काचेचे आणि मोत्यांचे, सोन्याच्या भावाने, आणि वर त्यावरची घडणावळ. ‘‘मॅडम, लग्नात एवढे कोणी बघत नाही,’’ असे ते गृहस्थ हसून म्हणाले. लग्नात कोणी बघत नाही हे खरेच आहे. तो दागिना आमच्यासारख्या खिडकीवर येतो तेव्हा बघितले जाते. लेक त्या वेळी काही बोलली नाही, पण येताना गाडीत तिने स्वतःहून चिंचपेटीवर काट मारली.

घडणावळीबद्दलही एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक दुकानांत ती सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत सांगतात. चोख सोन्याचा भाव 80 हजार असताना बावीस कॅरेटच्या दागिन्यावर बारा टक्के घडणावळ ग्रॅममागे सुमारे 880 रुपये पडते आणि भाव एक लाख झाला की तीच 1,100 च्या आसपास जाते. कारागिराने मात्र तेवढेच आणि तसेच काम केलेले असते. आमच्या शेटांनी घडणावळ ग्रॅममागे ठरावीक रुपयांत सांगितली, म्हणून मुख्य दागिने त्यांच्याकडेच घडवले. वेढणीचे वीस ग्रॅम चोख सोने त्यांना दिले तेव्हा बावीस कॅरेटच्या हिशेबाने त्याचे 21.8 ग्रॅम जमा धरावेत हे मी आधीच बोलून घेतले. चोख सोने देऊन तेवढ्याच वजनाचा बावीस कॅरेटचा दागिना घेतला तर नुकसान आपले होते, आणि हे आमच्याकडे येणाऱ्या शिकलेल्या बायकांच्याही ध्यानात येत नाही. माझी एक तुटकी साखळीही मोडीत दिली. तिच्यात डाख, म्हणजे सांधे जोडायचा हलका धातू, जास्त होता, त्यामुळे आटवल्यावर तूट आली, पण आटवणी आमच्यासमोर झाली म्हणून कुरकुर केली नाही.

शेट नोंदणीकृत असल्याने तयार दागिने त्यांनी हॉलमार्क केंद्रावर पाठवले. आता प्रत्येक दागिन्यावर बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, चिन्ह, ‘22 के 916’ असा कस आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. क्रमांक इतका बारीक असतो की मी भिंग घेऊन वाचला आणि लेकीने तो फोनवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये भरला, तेव्हा दागिन्याचा प्रकार, कस आणि तपासणीचे केंद्र असे सगळे समोर आले. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही. त्यामुळे नथीवर क्रमांक नाही म्हणून कोणी गोंधळ घालू नये, मी घातला होता. केंद्रावरून दागिने परत यायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत घरात कोणालाही नीट झोप लागली नाही.

मंगळसूत्र दोन्ही घरांचे असते, त्यामुळे ते ठरवताना सोन्यापेक्षा बोलण्याचे वजन जास्त. आमच्याकडे दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची. विहीणबाई मालवणच्या. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘आमचं काहीच म्हणणं नाही, तुम्ही कराल ते चांगलंच कराल.’’ व्याह्यांकडून येणाऱ्या या वाक्यासारखे अवघड वाक्य नाही. मी दोन दिवस थांबून पुन्हा फोन केला आणि सरळ विचारले की त्यांच्या घरी वाटी केवढी असते, पोत किती पदरी असते आणि मणी कसे ओवतात. मग मात्र त्या मोकळ्या झाल्या. त्यांच्याकडे लांब मंगळसूत्रात वाट्यांच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे मणी असतात, पोत दुपदरी असते आणि सोन्याच्या तारेत गुंफलेले त्यांना चालत नाही, दोऱ्यातच ओवलेले लागते. कारण तार एका जागी वाकून वाकून तुटते आणि तुटल्याचे कळतही नाही, दोरा मात्र झिजताना दिसतो. हे कारण मला पटले. आमच्याकडे तारण म्हणून येणाऱ्या तारेच्या मंगळसूत्रांत निम्म्यांना तरी कुठे ना कुठे डाख दिलेला असतो. दोन्ही वाट्या एकाच शेटांकडून, एकाच मापाच्या घडवल्या आणि पैसे ज्याने त्याने आपल्या वाटीचे दिले. रोजच्यासाठी लहान मंगळसूत्र लेकीने स्वतःच्या पगारातून घेतले. त्यात तिने आम्हा दोघींना लुडबुड करू दिली नाही.

नथीने मात्र दमवले. लेकीचे नाक टोचलेले नाही, त्यामुळे चापाची नथ घ्यावी लागली. दुकानातल्या थंड हवेत कोणतीही नथ नाकावर बसते. कोकणातल्या मे महिन्यात, समोर होम पेटलेला आणि आजूबाजूला चारशे माणसे असताना चाप घामावर घसरतो. म्हणून एप्रिलमधल्या एका दुपारी मी तिला नथ घालून पडवीत तासभर बसवले, पंखा बंद. पहिली नथ वीस मिनिटांत ओठावर आली. मोती जास्त आणि मोठे होते, भार सगळा खाली. दुसरी नथ लहान मोत्यांची, मधोमध एकच लाल खडा असलेली आणि आतल्या बाजूने चापाला रबराची बारीक टोपी बसवलेली होती. ती तासभर टिकली, पण तासानंतर लेकीच्या नाकावर लाल वळ उठला. शेवटी असे ठरले की मंगलाष्टके आणि छायाचित्रे एवढ्यापुरती नथ, होमाला बसताना ती उतरवायची आणि मावशीच्या पर्सेत ठेवायची. जेवताना तर नथ नकोच. नथ वर करून श्रीखंड खाणे हे चित्रातच बरे दिसते.

जावयाच्या दागिन्यांना कोणी गंभीरपणे घेत नाही. अंगठी आणि साखळी एवढे म्हटले की लोक मोकळे होतात. आमचा जावई वीज कंपनीत तारांवर काम करतो. अंगठी, कडे, गळ्यातला गोफ यांपैकी काहीही घालून त्याला कामावर जाता येत नाही, आणि त्याने ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. आमच्या घरातल्या पुरुषांना वाटले तो संकोचाने नाही म्हणतो आहे. मला मात्र त्याचे बोलणे वहीतल्या प्रश्नाचे उत्तर वाटले. अंगठी विधीपुरती हवी होती म्हणून चार ग्रॅमची, बिनखड्याची, गुळगुळीत घेतली. तिचे माप डिसेंबरात घेतले होते. एप्रिलमध्ये घालून पाहिली तेव्हा ती पेरावर अडकली, कारण उन्हाळ्यात बोटे फुगतात. एका नंबराने वाढवून घेतली. डिसेंबरातल्या मापावर भरवसा ठेवला असता तर मांडवात साबण शोधावा लागला असता.

गोफाऐवजी काय, हा प्रश्न सासूबाईंच्या पेटीने सोडवला. माझ्या सासऱ्यांची सदऱ्याची सोन्याची बटणे तिथे एका काड्यापेटीत कापसात ठेवलेली होती. चार बटणे, मागे दांडी आणि चारांना जोडणारी बारीक साखळी. साखळीची एक कडी तुटलेली होती. बटणांवर काहीही नक्षी नाही, फक्त कडेने दाण्यांची एक ओळ आहे आणि त्या दाण्यांच्या खाचांत जुना मळ काळा होऊन बसलेला होता. शेटांनी कडीला डाख दिला, उजाळा दिला आणि तासाभरात बटणे अशी दिसू लागली की ती काल केली असावीत. ही बटणे शिवलेली नसतात, त्यामुळे सदऱ्याच्या दोन्ही पट्ट्यांना काजे लागतात. हे शिंप्याला आधी सांगितले नाही तर तो सवयीने एका बाजूला बटणे शिवून टाकतो. आमच्या शिंप्याने तसेच केले आणि लग्नाच्या चार दिवस आधी ती उसवून नवी काजे करावी लागली. भिकबाळीसाठी छायाचित्रकार फार आग्रही होता. जावयाने कान टोचायला साफ नकार दिला आणि चापाची भिकबाळी एका फोटोपुरती लावली, तीही उलट्या कानाला. फोटो पाहून मालवणच्या कोणा काकांनी ते दाखवून दिले, तोवर उशीर झाला होता.

मुंडावळ्या दोघांच्याही सारख्या, मोत्यांच्या घेतल्या. हे मोती काचेचेच होते आणि ते तसेच असावेत, कारण कपाळावरचा घाम, अत्तर आणि अक्षतांची हळद खऱ्या मोत्याची चमक घालवतात. कुड्यांचे मोती मात्र खरे, संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, होते. ते मी लेकीला अत्तर आणि पावडर झाल्यानंतरच घालायला लावले आणि उतरल्यावर मऊ कोरड्या मलमलीने पुसून मलमलीतच गुंडाळले. चांदीची जोडवी आणि पैंजण लग्नाआधी फक्त पंधरा दिवस घेतले. किनाऱ्यावरच्या दमट हवेत चांदी फार लवकर काळी पडते, आणि दिवाळीत घेतलेले पैंजण मेपर्यंत जुन्या घागरीसारखे दिसले असते. डोक्यावर सोन्याचे काहीच घेतले नाही. राखडी आणि केवडा यांच्या जागी अबोलीचे आणि मोगरीचे वळेसर, म्हणजे गजरे, माळले. त्यांचा खर्च आठशे रुपये आला आणि आलेल्या बायकांनी सर्वांत जास्त कौतुक त्यांचेच केले. माझ्या सहा महिन्यांच्या मेहनतीचे कोणी केले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

लग्नाच्या दिवशी विशेष काही बिघडले नाही. दुपारी वीज गेली, पण तो मे महिन्यातला नेम आहे. नथ ठरल्याप्रमाणे उतरली. ठुशीचा गोंडा कोणीतरी फार वर सरकवला होता, तो मी सप्तपदीच्या आधी मागून सैल केला. लेकीने वाकून सासूबाईंना नमस्कार केला तेव्हा पाटल्या खाली घसरून काचेच्या बांगड्यांवर आपटल्या आणि एक बांगडी पिचली. पण त्या तिथेच अडल्या, जसे कासारणीने सांगितले होते तसे. सासूबाईंनी तिचा हात धरून पाटली अंगठ्याने एकदा फिरवली आणि म्हणाल्या, ‘‘आता काढून ठेव गो, जड असा.’’

मांडवपरतणीला लेक आली तेव्हा पाटल्या रुमालात बांधून घेऊन आली. त्या आता सासूबाईंच्या पेटीत राहतील, तिच्या हातात रोज बसणार नाहीत म्हणून. मी सोमवारी त्या पतसंस्थेत नेल्या. काट्यावर ठेवण्याआधी एकीच्या वेलात काहीतरी चमकले. भिंगाखाली धरले तर तो पिचलेल्या बांगडीचा हिरव्या काचेचा कण होता, टाचणीने काढला. मग वजन केले. 40.150 भरले.